आवृत्ती ए-सात

उद्यमनगरात सोमवार म्हणजे भट्ट्या गार.
ऑफिसात मी एकटी, जीएसटीची फाईल,
आणि हा लॅपटॉप. बिजागरीला फेविक्विक,
'एम'चं बटण गेलेलं, तिथे नुसतं रबराचं बोंड.

चालू केला की आधी काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं:
बायोस आवृत्ती ए-सात.
मग तारीख: एक जानेवारी दोन हजार नऊ.
रोज.
मी रोज त्याला सांगते, अरे, आज अमुक वार,
अमुक साल. तो ऐकतो. रात्रीत विसरतो.

नवी डिस्क घातल्यापासून मात्र
कधी तिला ओळखतो, कधी म्हणतो, कोण तुम्ही?
कंपनीनं ए-बारा काढून ठेवलीय कधीची.
तिच्याखाली एक ओळ: 'स्थिरता वाढते.'
कुणाची, ते लिहिलेलं नाही.

राजारामपुरी सातव्या गल्लीतला इम्तियाज बागवान
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
"चालतंय न्हवं, ताई? मग कशाला हात लावतायसा?
मधीच लाईट गेली तर वीट हुतीया, वीट.
मग मी न्हाई, माझा उस्ताद आला तरी उठायचं न्हाई."

वीट.
घर येईपर्यंत तोच शब्द चघळत होते.
वीट येणं मला ठाऊक आहे:
मार्चअखेरीचा, सासूबाईंच्या पथ्याचा,
रोज एकच तारीख सांगण्याचा.
वीट होणं निराळं.
कोपरे शाबूत, आत कुणी नाही.

खरं तर हे मला भरमूनं आधीच शिकवलंय,
लॅपटॉपला बोट न लावता.
लॅडल तिरका केला की थांबायचं नसतं, म्हणतो,
शिंक आली तरी गिळायची.
मध्येच हात आखडला तर
आधीचा रस आणि नंतरचा रस साच्यात भेटतात,
पण एकजीव होत नाहीत.
वरून गुळगुळीत. ठोकलं की बद्द वाजतं.
होसूरहून पंचवीस पंप-बॉडी परत आल्या होत्या एकदा.
क्रेडिट नोट मीच काढली होती.

आणि आता मी, सात मिनिटांच्या ओतकामापुढे.
शेजारच्या वर्कशॉपातून उसना यूपीएस,
खतावण्यांच्या प्रती तीन ठिकाणी,
देवाला नाही, वायरमनला फोन:
"तळेकर, डीपीवर काही काम काढलंय का आज?"
"न्हाई बाई. पण माझ्या शब्दावर जाऊ नगा."

पेनड्राइव्ह लावला.
पडद्यानं विचारलं, होय की नाही.
मी श्वास धरला आणि 'होय' दाबलं.
बॅटरी नऊ टक्के. तेवढीच भरते ती.
यंत्र म्हणालं, किमान दहा हवेत.

एक टक्का!
मी हसले, मोठ्यानं, एकटीच.
दारातलं कुत्रं उठून बसलं.
सुटल्यासारखं वाटलं. आणि जराशी
चोरी पकडल्यासारखंही,
कारण ती नऊच दाखवते
हे मला सकाळपासून माहीत होतं.

संध्याकाळी इम्तियाजनं पाठ उघडली,
नखाएवढा सेल बदलला. चाळीस रुपये.
डिस्क उपसून तिचे पितळी दात
खोडरबरानं पुसले, परत खोचली.
"बघू आता," एवढंच म्हणाला.

आज मंगळवार. भट्टी पेटलीय, खिडकीची काच गरम.
डिस्क दिसतेय, निदान आज तरी.
वर तीच ओळ, ए-सात.
पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये, रबरी शिक्क्यांच्या डबीत,
त्यावर चिठ्ठी: ए-बारा. पुसू नये.

तारीख बरोबर होती. मी सांगितली नव्हती.
तरी हात सवयीनं त्या जागी गेला
आणि काही न लिहिता
परत आला.