ची कृपा

कुपवाड फाट्याला उसाच्या ट्रॉलीमागनं गाडी काढताना
खड्ड्यात आपटली, कडाड वाजलं,
आणि मागचा मडगार्ड अर्धा रस्त्यातच राहिला.
वळून बघेपर्यंत टेम्पोनं त्याचा भुगा केला होता.

आठ दिवस तसाच हिंडलो.
मिरजेच्या दवाखान्यांतनं रक्ताचे नमुने गोळा करायचे,
अकराच्या आत सांगलीला लॅबमध्ये द्यायचे,
ह्यात मडगार्डाला कुठला वेळ.
चाक फिरतंय, ब्रेक लागतोय,
आणखी काय पाहिजे गाडीला?

चिखलाचा उभा पट्टा, कंबरेपासून मानेपर्यंत,
मला सोडून सगळ्यांना दिसत होता.
शिरगुप्पे मॅडमनी बॉक्सचं झाकण पुसलं,
कापूस कचऱ्यात टाकला,
आणि एवढंच म्हणाल्या,
"सन्मती, ह्यात माणसांचं रक्त असतं."

संध्याकाळी शंभर फुटी रोडला, नदाफांच्या दुकानात.
कंपनीचा: साडेअकराशे.
प्लास्टिकच्या पिशवीत, नव्या नवरदेवासारखा अवघडलेला.
म्हणजे अकरा लिटर पेट्रोल,
म्हणजे मिरजेच्या नऊ दिवसांच्या फेऱ्या.
पगार सात तारखेला. आज एकोणतीस.

लोकल: साडेचारशे.
नदाफांनी तो पापडासारखा वाकवून दाखवला.
"एक पावसाळा काढंल.
दुसऱ्याची गॅरंटी मी देत न्हाई,
ह्यो बी देत न्हाई."

मग रबराचा फडका, ऐंशीचा.
"ह्यो नुसता लाजेपुरता."

मी तिन्हींकडं बघत उभा.
पोरगं एक आलं, हेडलाइटला निळा बल्ब घेऊन गेलं,
घासाघीस न करता.
"बघा," नदाफ म्हणाले, "बल्बाला पैसे निघत्यात.
आरशाला निघत्यात, हॉर्नला तर लई.
मडगार्ड मागच्यासाठी असतोय.
त्याला सगळी भाव करत्यात."

मी भाव करायलाच तोंड उघडलं होतं. मिटलं.

मग ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून,
दुकानामागच्या ढिगात शिरले,
सायलेन्सर, फुटक्या टाक्या, एका चाकाचा सांगाडा,
आणि खालनं ओढून काढला पत्र्याचा एक,
जुना, जड, मरून रंगाचा.
माझी गाडी काळी.
बोटानं दाबून बघितला. हूं नाही की चूं नाही.
"दोनशे. बोल्टासकट."

बाजूनं पिवळ्या रंगात, हातानं रंगवलेलं:
ची कृपा.
पुढचा तुकडा कधी कुणी कापला कुणास ठाऊक.
बिरोबाची, यल्लम्माची, की कुठल्या पिराची,
सासऱ्याचीसुद्धा असेल, गाडी हुंड्यातली असेल तर.
"कुणाची हो?"
"असंल कुणाची तरी. पत्रा बघा की."

आमचे अण्णा म्हणतात, कृपा कुणी करत नसतं,
ज्याचं कर्म त्याच्या पाठीला.
आठ दिवस पाठ दाखवत फिरलोय,
त्यांच्याशी वाद घालायला तोंड नाही माझ्याकडं.

भोकं जुळेनात.
ड्रिल मारलं, दोन वायसर घातले,
तरी डावीकडं बोटभर कललाच.
रंग खरवडून देऊ का म्हणाले.
राहू दे म्हटलं. का, ते सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी विश्रामबागला सिग्नलला थांबलो.
रात्री पाइपलाइन फुटलेली, रस्ताभर गढूळ पाणी.
मागं स्कूटीवर बाई,
पुढं उभी शाळेची पोरगी, अक्षरं लावत,
ची… कृ… पा…
"आई, कुणाची?"
"असेल गं कुणाची तरी. नीट धर."

आरशात मडगार्ड दिसत नाही.
पोरगी दिसत होती,
आणि तिचा पांढरा युनिफॉर्म,
मिरजेपासनं माझ्या मागं असलेला,
अजून पांढरा.

हिरवा पडला.
बॉक्समध्ये तेवीस नमुने,
अकराला वीस मिनिटं कमी,
आणि डाव्या बाजूचा वायसर
आत्तापासूनच वाजायला लागलेला.