उघाडी

भुकटी सलाइनमध्ये विरघळते
आणि सिरिंजमध्ये करवंदाचा रस उतरतो.
मी मोज्यांवर मोजे चढवते.
औषध मुळात कर्करोगाचं.
वाढू पाहणाऱ्या पेशीला ते म्हणतं, बस खाली.

टेबलावर काथोर म्हात्रे, वय एकाहत्तर,
खारेपाटातले.
उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच नेला,
डाव्यात उरलंय नळीतून दिसावं एवढं:
माणूस दिसतो, त्याच्या हातातला पेला नाही.

काल वॉर्डात समजावताना मी अडखळले.
डोळ्यातल्या पाण्याला (अश्रू नव्हेत, आतलं पाणी)
वाट करून द्यायची,
आणि ती वाट बुजू द्यायची नाही.
शरीराला एकच येतं, भरून काढणं,
म्हणून हे औषध.
"जखम भराची नाय?" ते हसले.
"मंग सरळ उघाडी सांग ना, बाय."

चाळीस वर्षं बांधावर होते.
ओहोटीला फळ्या उचलायच्या, भरतीआधी पाडायच्या.
"गाल बसतंच. दर अवसेला उपसाचा.
नाय उपसला त भात कुजला.
जास्ती उपसला त बांधाचा बूड गेला,
खारा पानी थेट शेतान."
मग संमतीपत्रावर सही केली,
रेघेच्या चांगली दोन बोटं खाली.

स्पंजचे तीन तुकडे, तांदळाच्या कणीएवढे.
डॉक्टर वरच्या पापणीखाली पडदा उचलतात,
एकेक तुकडा आत सारतात.
"वेळ."
घड्याळ माझ्याकडे.

दोन मिनिटं.
कमी पडली तर पावसाळ्याआधी वाट बुजेल.
जास्त झाली तर पडदा विरेल,
डोळा मऊ पडेल, झिरपत राहील.
तीस सेकंद.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
एक मिनिट.
माझ्या ओटीपोटावरचा व्रण
गाठीगाठीचा, होडीच्या दोरासारखा.
बावीस वर्षं झाली.
ज्याच्यासाठी चिरलं तो सहा दिवस होता.
शरीरानं मात्र भरून काढलं, इमानानं,
कुणी सांगितलं नव्हतं इतकं.
एक पन्नास.

"वेळ झाली."
एक. दोन.
डॉक्टरांचा चिमटा थांबतो, पुन्हा आत जातो.
तीन.
मी मोठ्यानं मोजते, मग पुन्हा एकदा.
मग पाणी, पाण्यावर पाणी,
करवंदाचा मागमूस राहू नये इतकं.
तुकडे वेगळ्या पिशवीत,
मोजेही त्यातच.

पट्टी लावताना ते विचारतात,
"आज तिथ कंची?"
भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर आहे.
अष्टमी, मी सांगते.
"मंग भांग हाय. पान्यान जोर नाय."
आणि हात पोटावर ठेवून
स्ट्रेचरवर निवांत पडून राहतात,
जणू आजची पाळी माझी आहे.