बेचाळीस वजा सतरा

मोंगूत वाळू शाळेतही येते,
बुटांतून, दप्तरांतून, डस्टरच्या फटीतूनसुद्धा.
तिसरीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून
आम्ही तिघं उभे : सिताली सर, इनोंगे आणि मी.
शिकवते आहे म्वांगाला.
पाठ मात्र चौघांचा,
मंगळवारी रात्री वीज गेल्यावर
मोबाइलच्या उजेडात लिहिलेला,
तीन ठिकाणी खोडलेला.

नियम एकच : बाईंकडे बघायचं नाही.
मुलांकडे बघायचं.
सोपं नसतं ते. आवाज मान वळवतो.

माझ्या वाट्याला खिडकीकडची रांग.
तिथे मुबिता
बेचाळीसखाली सतरा मांडतो,
जीभ दातांत धरून,
आणि लिहितो : पस्तीस.
मग लिसेलीच्या वहीत डोकावतो.
खोडतो.
पंचवीस.
बाई येतात, बरोबरची खूण करतात, पुढे जातात.

त्या पस्तीसची साक्षीदार मी एकटी.

मधल्या सुट्टीत विचारलं, तर
बुटाच्या टोकानं वाळू उकरत म्हणाला,
"दोनातून सात जात नाहीत.
लहानातून मोठं जातच नाही.
म्हणून सातातून दोन काढले."
थोडं थांबून,
"तुम्हीच सांगितलं होतं, बाई. दुसरीत."

दुपारी शेंगदाण्यांच्या टरफलांशेजारी
मी माझा कागद वाचून दाखवला,
शेवटची ओळसुद्धा.
कुणी काही बोललं नाही.
मग सिताली सरांनी चष्मा काढला.
"हे वाक्य मीही सांगतो. तेवीस वर्षं.
दार लावून.
किती पस्तीस झाले असतील?"
आणि खरोखरच गुणाकार करायला बसले.
म्वांगालानं त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला.

वाक्य दुरुस्त करायला दीड तास गेला.
शेवटी वाक्य उरलंच नाही, मासे उरले :
लव्हाळ्याच्या दोरीत ओवलेल्या
दहा-दहाच्या चार माळा, वर दोन सुटे.
सतरा हवेत?
एक माळ तशीच उचल.
सातांना सुटे पुरत नाहीत ना,
मग दुसरीची गाठ सोड.

गुरुवारी शेजारच्या वर्गात मी उभी राहिले.
मागे भिंतीला तिघं.
तळहातांना घाम, कागदी मासे चिकटत होते.
माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं
आणि त्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

घंटा झाल्यावर इनोंगे जवळ आली.
"दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं माळ सोडली,
आणि मोजले अकरा."
"अकरा?"
"दोरीही मोजली तिनं."

सिताली सरांनी कानामागची पेन्सिल काढली.