कलम नऊ

वाल्पराईसोच्या चढावर आमचं हॉटेल, अकरा खोल्यांचं.
मंगळवारी तेमुकोहून एदुविहिसबाईंचा फोन:
येणं होत नाही. बुकिंग रद्द करा.

कलम नऊ मला तोंडपाठ आहे.
भरलेले परत नाहीत,
उरलेला हप्ता मात्र तारखेला द्यावाच लागेल.

"आणि दोन माणसं लिहिली होती, तिथं एक केलं तर?"
म्हटलं, दर खोलीचा आहे बाई, माणसांचा नाही.

त्या गप्प.
मागे किटली शिट्टी मारत होती,
कुणी उतरवेना.

हप्ता आला, एक दिवस आधीच,
शेवटच्या पेसोपर्यंत चोख.

शुक्रवारी रात्री पुन्हा त्याच.
"आज सात नंबर माझाच ना?"
तुमचाच.
"मग जोडून द्या."

जोडला.
वर वाजत राहिला फोन,
जिन्यातून ऐकू येत होता,
बंदराकडे तोंड केलेल्या पलंगाशी,
इस्त्रीच्या दोन उश्यांपाशी.
विसाव्या घंटेला मी तोडणार होतो,
पण किती वाजू द्यावा
हे कुठल्याच कलमात नव्हतं.

शनिवारी खोली सोडायची वेळ अकराची.
मी चादरी काढायला
बाराला वर गेलो.