चौथ्या दिवसाचं पातेलं

आज चौथा दिवस. नळ उद्या.
म्हणजे आज भांडी घासायची नाहीत,
म्हणजे एकच पातेलं.
हा नियम मी केला नाही,
पिंपाच्या तळानं केलाय.

अनसूया म्हणाली, तूच कर,
माझ्या हाताला तंबाखू आहे.
तिच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं,
हजारातल्या दोनशे विड्या अजून बाकी,
आणि तंबाखू जायची तर दोन तांबे पाणी लागतं.
दोन तांब्यांत भात शिजतो.

मी मागावरचा माणूस.
टॉवेलचं वजन नुसतं हातात घेऊन सांगतो,
पण कांदा किती बारीक, ते तिला विचारावं लागतं.
ती दोरा गुंडाळता गुंडाळता, वर न बघता:
दिसला नाही पाहिजे, कळला पाहिजे.

पाऊण किलो कोंबडी, सात माणसं.
जब्बारभाईनं तुकडे लहानच केले,
न सांगता.
विडी घरकुलातल्या घराघराची माणसं
त्याला सुऱ्यासकट पाठ आहेत.

तेल तापलं. लवंग फुटली, कांदा पडला,
आलं-लसूण, मग काळं तिखट
आणि सगळं घर एकदम शिंकलं.
श्रीवेणीनं भूगोलाचं पुस्तक नाकावर धरलं.
बुज्जी उंबऱ्यावर जाऊन बसली,
वास घ्यायला मात्र आत तोंड करून.
कोंबडी परतली, दाण्याचं कूट दोन मुठी,
वर धुतलेला तांदूळ,
तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत, टाकायचं नाही.
तेवढ्यात अम्मा आली,
"उप्पू एसिनावा?"
मीठ घातलंय म्हणेपर्यंत
तिची चिमूट पातेल्यात पडलेली होती.

झाकण नीट बसत नाही. त्यावर वजन हवं.
नायनानं कॉटखालून काढून दिलं
त्याच्या हातमागाचं, लोखंडी,
माग मोडीत गेला तेव्हा
याला ताण लागेल कधीतरी, म्हणून ठेवलेलं.
वीस वर्षांनी लागला. भाताला.

नऊला गल्लीत कोणीतरी ओरडलं, नळ!
एक दिवस आधी!
मग काय. सुपं खाली, पुस्तकं खाली,
लोकेश पाइप घेऊन, मी मोटर घेऊन,
अम्मा सगळ्यांना शिव्या घेऊन.
पिंप भरलं, घागरी भरल्या, कुकर भरला,
चहाचं भांडं, परात, बुज्जीची शाळेची बाटली,
देवापुढचा तांब्यासुद्धा दोनदा.
बेचाळीस डिग्रीच्या दिवसाची ती रात्र,
आणि पायावर गार पाणी सांडत होतं,
कोणी कोणाला रागावत नव्हतं.

पातेलं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.
फक्त नायनाच्या.
त्याचे कान मागांनी केव्हाच खाल्ले,
नळ आला हे त्याला कळलंच नव्हतं,
कोंबडी करपतेय हे कळलं.
आम्ही ओले आत आलो तेव्हा गॅस बंद,
आणि तो वजनावर हात ठेवून बसलेला,
जणू कोणी पळवून नेणार होतं.

वाढायला भांडं शोधलं,
एकूण एक पाण्यानं भरलेलं.
ताटं चार दिवसांची खरकटी.
मग पातेलंच मधे ठेवलं, सात हात.
मीठ थोडं जास्त होतं. अम्मा म्हणाली, याचंच.
मांस फार सापडत नव्हतं,
पण प्रत्येक घासाला वाटायचं की पुढच्यात आहे.
खालची करप अनसूयानं उलथन्यानं खरवडली,
ही कोणी मागायची नाही, म्हणाली,
आणि लगेच नायनाच्या हातावर थोडी ठेवली.

हात तिनं पाच मिनिटं धुतले होते,
वाहत्या नळाखाली, साबण लावून, सावकाश.

आता पातेलं मोरीत भिजतंय,
काठोकाठ.
करप निघायला सकाळ होईल.
होऊ दे.