उंबरठ्याच्या अलीकडे

सास्काटून. उणे एकोणचाळीस.
पार्किंगमध्ये गाड्यांच्या नाकात वायरी,
इंजिनं गोठू नयेत म्हणून.
ऑरेस्ट म्हणतो, "आज तसं बरं आहे. वारा नाही."

आत, इलेक्ट्रॉन गोल धावतायत,
वळणावळणावर उजेड सांडत.
त्यातली एक चिमूट आमच्या वाट्याची,
सोमवार रात्रीपासून बुधवार सकाळपर्यंत.

वडी काळी, नखाएवढी.
कॅल्शियम, कोबाल्ट, ऑक्सिजन.
शांतेलनं खलात घोटली, दाबली,
नऊशे अंशांवर भाजली दोन दिवस,
आणि चिकटपट्टीवर ठेवताना श्वास धरला,
जणू शिंकेसरशी उडून जातील तिची तीन वर्षं.

हिची एक कड तापवा, दुसरी गार ठेवा,
मध्ये वीज उभी राहते.
का, ते विचारायला आलोय.

विचारायची रीत अशी :
क्ष-किरणांना एकेक बारीक पायरी चढवायची
आणि बघायचं, वडी कुठे गिळते, कुठे नाही.
ऑक्सिजनचा उंबरठा पाचशे तीसच्या आसपास.
त्याच्या किंचित अलीकडे
एक टेकाड उगवतं.
टेकाड म्हणजे रिकामी जागा.
कोबाल्टनं ऑक्सिजनच्या ताटातलं उचललंय;
किती, ते उंचीवरून कळतं.
भरलेल्याचा हिशेब नंतर. आधी
उणीव मोजायची.

तीन वाजून दहा मिनिटांनी बीम गेला.
रेघ टेकाड चढता चढता आडवी झाली.
कंट्रोल रूममधून फोन : तासभर तरी.
शांतेल टोपीसकट झोपली खुर्चीत.

ऑरेस्टनं थर्मास उघडला. बीटचं सूप.
नमुना धरायची तांब्याची पट्टी त्याच्या हातची,
धार अशी की बोट फिरवलं तर लागत नाही.
म्हणाला, "माझ्या केबिनमध्ये शेगडीवर पंखा आहे.
ना वायर, ना बॅटरी. शेगडी तापली की फिरतो.
अकरा हिवाळे. त्याला कुणी विचारलं नाही, का फिरतोस."

मग सूप फुंकत :
"खोली फार उबली की मंदावतो मात्र.
स्तेफा खिडकी फटभर उघडी ठेवायची.
मी भांडायचो. म्हणायचो, लाकडं काय फुकट येतात?"

मी त्याला सांगणार होतो
तापमानातल्या फरकाबद्दल,
आकृतीसुद्धा काढायला घेतली होती रुमालावर.
राहू दिली.

"आणि आता?"
"आता काय," ऑरेस्ट म्हणाला, "उघडतो."

पावणेपाचला बीम आला.
रेघ पुन्हा पायथ्यापासून.
टेकाड उगवलं, या खेपेला जरा उंच,
केसभर.
शांतेल डोळे चोळत पडद्याला नाक लावून :
"खरं आहे, की यंत्र सरकलंय?"

माहीत नाही.
वहीत लिहिलं : नमुना सात. पुन्हा घ्यावा.
बाहेर कुणाची तरी गाडी
तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली.