शेवटच्या वीस ओळी

सव्वाआठला वीज परत आली
आणि सोसायटीचा कॉम्प्युटर अर्ध्यावर थांबला.
काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ
लुकलुकत राहिली, वेंगुर्ल्याच्या बंदरात
नांगर टाकून कुणी विसरून गेलेल्या होडीसारखी.

पहाटे चारला बावीस ट्रॉलर डिझेल मागणार,
कोट्याची यादी त्या काळोखाच्या पोटात.
हे लिनक्स बसवून देणारा बस्त्यावचा धाकटा
आता कुठल्याशा टँकरवर, आफ्रिकेच्या खाली.
जाताना म्हणाला होता, अडलीस तर विचार.
कुणाला? तर फोनवरच्या तीनशे माणसांना,
ज्यांतल्या एकालाही मी पाहिलेलं नाही.

विचारलं.
मालेगावची नाझनीन म्हणाली, स्क्रीनचा ड्रायव्हर असेल.
नव्हता.
एकजण म्हणाला, सगळं पुसून नव्यानं टाक, सोपं पडेल.
दुसऱ्याचं घर पाडायला सांगणं सोपंच पडतं.
एकानं आधी झापलं:
"बंद पडलंय म्हणजे काय? पडद्यावर काय लिहिलंय ते सांग."
तोच कामाचा निघाला.

अचलपूरचे काळमेघ. पूर्वी तारखात्यात होते.
फोनवर एकेक अक्षर सोडायचे, मग थांबायचे,
पलीकडे पोचलं की नाही याची वाट बघत:
"कंट्रोल, ऑल्ट, एफ तीन. एकदम दाब.
आता डी. एफ. मग जागा सोड.
सोडली? मधात जागा नसली
तर त्याले समजत नाही बाप्पा, माणसावानीच हाय ते.
मग आडवी रेघ. मग एच."

आलं: शंभर टक्के.
शाळेत कधी पडले नाहीत एवढे.
डिस्क काठोकाठ भरलेली,
श्वास घ्यायला बोटभर जागा नाही.

कशानं? आमच्या पावत्या असून असून किती!
शोधत शोधत एका फायलीपाशी आलो.
"शेवटच्या वीस ओळी पाय," ते म्हणाले.
त्या हुकमाचं नावच शेपूट.
आमच्याकडे मासळी कल्ल्यात बघतात,
ही शेपटीत बघायची.

वीसच्या वीस ओळी एकच.
प्रिंटर सापडत नाही.
प्रिंटर सापडत नाही.
प्रिंटर बिघडला म्हणून आम्ही
शिमग्यापासून पावत्या हातानं लिहीत होतो,
आणि हा आत बसून, क्षणाक्षणाला, रात्रंदिवस,
बंदीचे दोन महिने ऑफिसात कुणी नसतानाही
तेवढंच लिहीत होता.

प्रिंटरच्या मागे हात घातला.
केबलच्या तोंडाला खाऱ्या वाऱ्यानं
हिरवट चिकट काहीतरी धरलेलं.
जुन्या टूथब्रशनं घासलं, फुंकर मारली.
"फाईल उडवू नको," काळमेघ म्हणाले, "रिकामी कर.
वही फाडाची नाही, पानं कोरी कराची."

बंद केला. चालू केला.
पडदा निळा झाला, प्रिंटर दोनदा खोकला
आणि यादी बाहेर आली, पहिलं पान तिरकं.

पैशांचं विचारलं तर हसले.
"काय झालतं, कशानं सुटलं, ते लिहून ठेव.
मलेबी कोणाचं तरी लिहेलच सापडलं होतं."
नाव विचारेपर्यंत फोन ठेवला त्यांनी,
त्या कोणाचं तरी नाव.

पावणेचारला सगुण मेथर दारात.
"बरो झालो मां तो? डिझेल गावतला मां?"
चिठ्ठी घेतली आणि काही न बोलता
धक्क्याकडे चालायला लागला.

लिहून ठेवायला कागद शोधत होते.
खिळ्याला तक्रारवही टांगलेली, तीच काढली.
कोरं पान यायच्या आधी
एका हातच्या, निळ्या शाईच्या ओळी लागल्या.
वजनकाटा पाव किलो खाता. सगुण मेथर.
वजनकाटा पाव किलो खाता. सगुण मेथर.
तारखा तेवढ्या वेगळ्या.

मोजल्या नाहीत.
टूथब्रश अजून हातातच होता.
बाहेर, धक्क्यावर, काटा ताडपत्रीखाली उभा.